तिसरी ओळ

कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेच्या ऑफिसात मी काम करते. जानेवारी २०२५ मध्ये शाळा-दवाखान्यांत कागद नसलेल्या स्थलांतरितांची धरपकड टाळण्याचा जुना नियम केंद्र सरकारने रद्द केला आणि आम्हाला नव्या सूचना आल्या. इमिग्रेशनचे अधिकारी आले तर आधी वॉरंटवरची सही बघायची. न्यायाधीशाची नसेल, खात्यातल्याच अधिकाऱ्याची असेल, तर आत घ्यायचं नाही. मूल वर्गात आहे की नाही, हेसुद्धा बोलायचं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी कोपऱ्यावर पांढरी व्हॅन उभी असल्याचा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरला. नऊपर्यंत फोन थांबेनात. ‘ताप आहे’, ‘पोट दुखतंय’. सगळ्या आयांचा आवाज सारखाच दबका. व्हॅन इंटरनेटच्या केबलवाल्यांची निघाली, पण तोवर वर्ग अर्धे रिकामे होते.

शाळा सुटल्यावर दुसरीतला एक मुलगा बाकावर बसून राहिला. आईचा फोन बंद. त्याच्या इमर्जन्सी कार्डावर दुसऱ्या ओळीत मावशीचा नंबर होता, तोही लागेना. तिसरी ओळ कोरी. त्याने मुकाट्याने जॅकेट उलटं केलं. आतल्या लेबलवर मार्करने दहा आकडे लिहिलेले. धुऊन धुऊन दोन पुसट झाले होते, ते त्याने तोंडपाठ सांगितले. सात वर्षांचं पोर! माझ्या पोटात कालवलं.

तो नंबर शेजारणीचा होता. व्हॅनचं ऐकून आई कामावरच मागच्या खोलीत लपून बसली होती. साडेपाचला आली, त्याला घट्ट धरलं आणि मग कार्डाकडे बघत म्हणाली, “मिस, इथे तुमचं नाव लिहू?”

आमच्याकडे कर्मचाऱ्यांची नावं चालत नाहीत. ‘नाही’ म्हणताना जीभ जड झाली. कागद नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत शिकता आलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच टेक्सासच्या खटल्यात सांगितलंय. त्या निकालाच्या आधारावर हा मुलगा आमच्या वर्गात बसतो. पण त्याला घरी न्यायला कोण येणार, हे त्या निकालात कुठून असणार?

मी तिला केअरगिव्हर अफिडेव्हिटचा कोरा फॉर्म दिला. आईवडील नसताना मूल ज्याच्या घरी राहील, त्याने तो भरला की मुलाचं शिक्षण थांबत नाही. माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये दोनदा समजावलं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती शेजारणीला घेऊन आली. आजीबाईंनी चष्मा लावला, नाव सावकाश सांगितलं, आणि मी ते तिसऱ्या ओळीत लिहिलं.