माँटगोमेरीला थांबलो

अटलांटाहून न्यू ऑर्लिन्सला जाताना आज अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीचं नागरी हक्क स्मारक पाहिलं. वास्तुरचनाकार माया लिन यांनी रचलेलं, १९८९ सालचं. काळ्या ग्रॅनाइटचं गोल मेज, वरून पाण्याचा पातळ थर वाहतो, कडेने कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांच्या चळवळीत मारल्या गेलेल्यांची नावं. पाण्याखालची ती अक्षरं हाताने चाचपता येतात. एमेट टिल, गोऱ्यांनी मारलेला कृष्णवर्णीय मुलगा, १९५५, वय १४. पुढे १९६३, याच राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात गेलेल्या चार मुली. धाकटी ११ वर्षांची! तिथून माझं बोट पुढे सरकेना. शेवटचं नाव चळवळीचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचं (त्यांचं चर्चही इथून जवळच).

लेकीने विचारलं, "मारणाऱ्यांना शिक्षा झाली?" बर्मिंगहॅमच्या एकाला १९७७ साली, दोघांना थेट २००१ आणि २००२ साली. इतका उशीर म्हणजे अन्यायच, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. उद्या तिला सेल्माचा पूल दाखवणार आहे, जिथे १९६५ साली मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी हल्ला केला होता.