जुनी गाडी, ई२० पेट्रोल आणि तीन आठवड्यांचा पाऊस

ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल (ऊस किंवा धान्यापासून होणारं अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल. आधीच सांगतो, मी इथेनॉलच्या विरोधात नाही. असून चालणारही नाही, वाळवा तालुक्यात आमचा दीड एकर ऊस आहे, आणि साखर गोडाऊनला पडून राहते पण इथेनॉलचे पैसे कारखान्याला लगेच मिळतात हे आमच्या आण्णांना पाठ आहे. पण माझी गाडी २००९ची, शंभर सीसी, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग), आणि २०२५च्या जुलैत तिनं जो ताप दिला तो लिहून ठेवतोय, जुनी गाडी असणाऱ्या कुणाला उपयोगी पडला तर पडला.

झालं असं की मी बहिणीकडं पुण्याला तीन आठवडे होतो, गाडी घराबाहेर पत्र्याच्या कडेला, आणि पाऊस तिरका. परत आल्यावर किका मारून मारून पाय दुखायला लागला. चोक ओढला की चालू, चोक सोडला की बंद, आणि वर कार्बोरेटरच्या खालून थेंब थेंब पेट्रोल गळतंय. आधी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पोरानं गाडी न उघडताच सांगितलं, कार्बोरेटर नवीन टाकावा लागेल, तीन हजारापर्यंत जाईल. म्हटलं हे ई२०मुळं झालंय का, तर म्हणे सर आता सगळीकडं तेच पेट्रोल आहे. अरे ते मला पण माहितीय, मी विचारलं काय!

मग ढकलत आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकाकांकडं. त्यांनी कार्बोरेटरची वाटी सोडवली आणि आतलं पेट्रोल चहाच्या काचेच्या ग्लासात ओतून उजेडात धरलं. वर पिवळसर पेट्रोल, खाली बोटभर गढूळ थर, त्यात गंजाचे कण. "हे बघ, खालचं पेट्रोल न्हाई, पाणी आणि स्पिरिट हाय." स्पिरिट म्हणजे इथेनॉलच. वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी सुई, म्हणजे फ्लोट नीडल, तिचं रबरी टोक फुगलेलं, म्हणून ओव्हरफ्लो. पेट्रोलचा पाइप वाकवला तर पापडासारखा तडकला. पण खरा चोर वेगळाच निघाला, टाकीच्या झाकणाचा वायसर. सोळा वर्षांचा, पार कडक झालेला, तिथनं पावसाचं पाणी आत जात होतं.

मला वाटलं पाणी तर पूर्वी पण जायचं की, तेव्हा कधी एवढं झालं नव्हतं. म्हणून एक उद्योग केला. ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये मित्र आहे, त्याच्याकडनं १०० मिलीचा काचेचा मेजरिंग सिलिंडर आणला, त्यात आधी १० मिली पाणी, त्यात निळ्या शाईचा एक थेंब म्हणजे रेघ दिसते, वरून पंपावरचं ताजं पेट्रोल ९० मिली, बूच लावून हलवलं आणि दहा मिनिटं ठेवलं (अंगणात केलं बरं का, स्वयंपाकघरात असले प्रयोग करू नका). निळा थर १० वर राहायला पाहिजे होता, तो २८ला जाऊन थांबला! म्हणजे १८ मिली इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात गेलं, ९०चे २० टक्के, बरोब्बर. म्हणजे पंपावरचं पेट्रोल खरंच ई२०.

आणि टाकीत काय झालं तेही इथंच कळलं. साध्या पेट्रोलमध्ये चमचाभर पाणी गेलं तर ते चमचाभरच तळाला बसायचं. इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, तोवर काही कळत नाही, पण पाणी जास्त झालं की ते इथेनॉललाच ओढून खाली घेऊन येतं, मग तळाला मोठा थर, आणि टाकीखालच्या कॉकमधनं सगळ्यात आधी तोच कार्बोरेटरला जातो. इंजिन कसलं चालतंय त्यावर.

काम असं केलं. टाकी उतरवून सगळं काढून टाकलं, आत जुनी चेन घालून खळखळ हलवली, गंज निघाला, मग अर्धा दिवस उन्हात. नीडल, वाटीचं गॅस्केट, पाइप, कॉकचं रबर, झाकणाचा वायसर, सगळं नवीन. काकांनी मिक्श्चर पण जरा रिच केलं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल वाढवलं, कारण इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, जुन्या सेटिंगवर गाडी लीन होते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि झटके देते. मजुरीसकट साडेआठशे रुपये. तीन हजार कुठं आणि हे कुठं!

ॲव्हरेजचं म्हणाल तर माझी डायरी आहे. आधी साठ मिळायचं, आता पाच टाक्यांची सरासरी सत्तावन्न. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात जुन्या दुचाकींना ३ ते ४ टक्के घट लिहिली होती, माझी पाच भरते, त्यातली थोडी माझ्या गाडीच्या वयाची धरा. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळं घट होणारच, त्यात लपवण्यासारखं काय आहे? माझी तक्रार वेगळी आहे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या या पेट्रोलच्या हिशोबानं बनल्या, ठीक आहे, पण आमच्यासारख्यांना पंपावर दहा टक्केवालं एखादं नोझल ठेवायला काय हरकत होती. आणि इथेनॉल वाढलं तरी पेट्रोलचा भाव तोच.

आता गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी फुल करतो, कॉक बंद, वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून कार्बोरेटर रिकामा. दोन मिनिटांचं काम.

गंमत म्हणजे २००१ साली पाच टक्के इथेनॉलची देशातली पहिली चाचणी ज्या मोजक्या ठिकाणी झाली त्यात आमचं मिरज होतं. हे आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग? आपलाच ऊस आपल्याच टाकीत, कुरकुर कशाला करतोस." म्हटलं आण्णा, डिसेंबर २०२३ला सरकारनं उसाच्या रसापासनं इथेनॉल करण्यावर बंधन घातलं तेव्हापासनं उसापेक्षा धान्याचंच इथेनॉल जास्त होतंय, आणि २०२४-२५ला रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे तर मक्याच्याला ७१ रुपये ८६ पैसे भाव दिलाय. आण्णा बराच वेळ गप्प. मग सुपारी कातरता कातरता म्हणाले, "वड्याकडच्या तुकड्यात मका लावून बघूया का औंदा?"