ब्ल्यू स्वॅलोची पाटी: निऑन पेटलं

मंडळी, अमेरिकेतल्या रूट ६६ या जुन्या महामार्गावरच्या पाट्यांच्या मालिकेतलं हे चित्र आता बऱ्यापैकी पुढे सरकलंय. न्यू मेक्सिकोतल्या टुकमकारीचं ब्ल्यू स्वॅलो मोटेल, १९३९ सालचं. पाटीवर उडता पक्षी आणि खाली '१०० टक्के रेफ्रिजरेटेड एअर' ही जाहिरात. वातानुकूलन हेच तेव्हा गिऱ्हाईक खेचायचं, म्हणून ती ओळ गाळायची नाही हे आधीच ठरवलं होतं.

वेळ निवडली दिवेलागणीची. आकाश गडद निळं, पण काळं नाही; पत्र्यावरचा रंगही दिसतो आणि निऑनच्या, म्हणजे वायू भरलेल्या काचेच्या, नळ्याही पेटलेल्या. निऑनसाठी रंग भडक करून काही साधत नाही. बाकी सगळी पाटी डोळ्यांना वाटते त्याहून गडद ठेवावी लागते आणि शुद्ध पांढरा फक्त नळीच्या मधोमध. रंग दिसतो तो नळीच्या कडेला, आणि तिथून पत्र्यावर पसरतो. हा पसारा मी जवसाच्या तेलात पातळ केलेल्या रंगाचे थर एकावर एक देऊन आणतोय. एक बारकावा जरूर बघा: नारिंगी-लाल उजेड निळ्या पत्र्यावर पडला की तिथे लाल उजळत नाही, मळकट जांभळट छटा येते. ती जमली आणि पाटी एकदम पेटली!

अक्षरांमधल्या जोडनळ्याही सोडू नका. तिथला उजेड दिसू नये म्हणून काचेवर काळा रंग फासलेला असतो. त्या काळ्या रेघा काढल्या की अक्षरं खरी वाटतात.

गंजाचा सराव वेगळ्या छोट्या बोर्डावर चालू आहे, पेट्रोल पंपावरच्या एनॅमलच्या पाटीचा. एनॅमल म्हणजे लोखंडावर भाजलेली काच. ती स्क्रूच्या भोकांपाशी आधी टवका धरते. टवक्याच्या कडेला खालच्या थराचं काळपट कडं, मग गंज, मग खाली उतरणारा ओघळ. गंजासाठी बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग पुरतो.

तरी या मालिकेत मला गंजलेल्यांपेक्षा पेटलेल्या पाट्याच जास्त हव्यात. १९२६ चा हा रस्ता १९८५ मध्ये अधिकृत यादीतून गेला, नव्या महामार्गांनी वाहतूक पळवली. त्यानंतरही ज्यांनी नळ्या दुरुस्त करून दिवे चालू ठेवले, त्यांच्या पाटीत जुना काळ जास्त जिवंत वाटतो.

थर वाळला की पक्ष्याचे पंख, मग खालची ओळ. पुढची पाटी मिसुरीतल्या मंगर मॉस मोटेलची.