३३ पकडी आणि पसाभर तांदूळ

स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर वॉर्सेस्टर, पण गावाचं नाव वूस्टर. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ते अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं होतं. प्रयोगशाळेतली मंडळी अजून त्यावरून हसतात. तर या वूस्टरला अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या विद्यापीठांतले, रोबोच्या हातांवर काम करणारे लोक एका दिवसासाठी जमणार होते. विषय एकच: वस्तू पकडणं आणि हाताळणं. बोस्टनच्या साऊथ स्टेशनवरून लोकलने साधारण दीड तास. सकाळी जायचं, रात्री जेवायला घरी. मोठ्या परिषदांपेक्षा मला असे मेळावे आवडतात. इथे लोक फसलेले प्रयोगही दाखवतात.

युनियन स्टेशनचे दोन पांढरे मनोरे मागे टाकून चढ चढू लागलो. वूस्टर स्वतःला सात टेकड्यांचं गाव म्हणवतं, ते पोटऱ्यांना लगेच पटतं. मेळावा डब्ल्यूपीआयमध्ये, म्हणजे वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये होता. ही १८६५ सालची संस्था. तिच्या वॉशबर्न शॉप्स या जुन्या कार्यशाळेच्या माथ्यावर वारा दाखवायला कोंबडा नाही, हातोडा धरलेला हात आहे. आजच्या दिवसाला याहून चांगलं तोरण कुठलं?

आत टेबलावर ओळखीचं सामान मांडलेलं: मोहरीच्या सॉसची पिवळी बाटली, मांसाचा डबा, ड्रिल मशीन, प्लास्टिकचं केळं. हा वायसीबी संच. येल, कार्नेगी मेलन आणि बर्कले यांनी २०१५च्या सुमारास ७७ वस्तूंचा हा संच ठरवला, म्हणजे सगळ्यांचे रोबो त्याच वस्तू उचलतील आणि तुलना करता येईल. कल्पना उत्तम, पण खरेदी अस्सल अमेरिकन दुकानातली. तांब्या नाही, लाटणं नाही. माझ्या मते तांब्याच्या गळ्याने बऱ्याच रोबोंची फजिती केली असती.

तशी फजिती बाटलीनेही केलीच. एका चमूच्या रोबोने दोन बोटांच्या चिमट्यात ती धरली, उचलली, आणि ती संथपणे बोटांतच फिरून आडवी झाली. गुरुत्वमध्यापासून जरा दूर धरलं की वजन वस्तूला फिरवायला लागतं, आणि ते रोखायला दोन सपाट बोटांचं घर्षण पुरत नाही. तिसऱ्यांदा बाटली पडल्यावर टाळ्या पडल्या. अगदी मनापासून.

पण दिवसभर डोक्यात राहिली ती एका पोस्टरसमोरची चर्चा. येलच्या संशोधकांनी दोन यंत्रकामगार आणि घरकाम करणारे दोघे यांच्या डोक्यावर कॅमेरे बसवून त्यांच्या हातांचं तासन् तास चित्रण केलं, आणि प्रत्येक क्षणी हात कुठल्या प्रकारे धरतोय याची नोंद केली. प्रकार घेतले थॉमस फाइक्स आणि सहकाऱ्यांच्या वर्गीकरणातून. त्यात ३३ पकडी आहेत. माझ्या शेजारी एक इराणी विद्यार्थिनी उभी होती. मी तिला सांगितलं, आमच्याकडे पकड हेच माप असतं: चिमूटभर मीठ, मूठभर दाणे, पसाभर तांदूळ, ओंजळभर पाणी. ती म्हणाली, फारसीत मूठ म्हणजे मोश्त. संस्कृतातली मुष्टी आम्हा दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

मग आम्ही पेपर नॅपकिनवर आमची मापं त्या ३३ प्रकारांशी जुळवायला बसलो. जेवणातलं सँडविच तसंही कोरडंठक्क होतं. चिमूट बसली. मूठही बसली. पसा मात्र बसेना. वर्गीकरणाची व्याख्या कडक आहे: पकड एका हाताची हवी, स्थिर हवी, आणि हात कसाही फिरवला तरी वस्तू सुटता कामा नये. पसा उलटा केला की तांदूळ जमिनीवर. ओंजळ तर दोन हातांची, ती दारातच अडली. म्हणजे आजीची निम्मी मापं या शास्त्राच्या हिशेबी पकडच नाहीत! व्याख्या चुकीची आहे असं मी म्हणत नाही, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण तांदूळ धरायला बोटं आवळावी लागत नाहीत, पृथ्वीच अर्धं काम करते, हे हातांवर काम करणाऱ्याने विसरू नये असं मला तेव्हा फार वाटलं.

दुपारी एका मुलाने फुग्यात कॉफीची पूड भरून केलेला हात दाखवला. कल्पना जुनी, २०१० सालची. फुगा वस्तूवर दाबायचा आणि आतली हवा शोषून घ्यायची. मोकळे कण एकमेकांत अडकून घट्ट होतात आणि वस्तू धरली जाते. बोटं नाहीतच. त्याने किल्ली उचलली, मग प्लास्टिकचं केळं. पूड कुठल्या ब्रँडची, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला गेला.

परतीच्या गाडीत समोर एक गृहस्थ. एकाच हातात कॉफीचा कप, करंगळीत अडकवलेली छत्री, आणि कप व तळवा यांच्या फटीत दुमडलेलं वर्तमानपत्र. दुसऱ्या हाताने ते फोनवर बोलत होते. नॅपकिन खिशातच होता, तो काढून यादी पहिल्यापासून वाचत गेलो. फ्रेमिंगहॅम आलं, ते उतरूनही गेले, आणि माझं बोट अजून सतराव्या पकडीवर होतं.