तुम्ही विचारलंत म्हणून: 'प्रीपोन'बद्दल

"बाई, मुलांना मनाने इंग्रजी शब्द का बनवू देता? मार्क जातील ना." बडोद्याच्या रावपुऱ्यात मी शिकवणी घेते, तिथे मुलांना सोडायला येणारे पालक हे विचारतातच.

जातील मार्क. पेपरात लिहू नका, असं मीही बजावते. पण परवा सहावीतल्या मुलीची हरवलेली कंपासपेटी सापडली आणि ती ओरडली, "इट इज अनलॉस्ट!" 'अन' लावला की गोष्ट उलटते, हे तिचं तिला उमगलं होतं, कुठे लावायचा नाही, तेही कळेल. आपण नाही का अरबीतला 'गैर' घेऊन 'गैरसमज' केला?

'प्रीपोन', म्हणजे 'पोस्टपोन'च्या उलट, ठरलेली वेळ अलीकडे आणणं. या शब्दासाठी तर मी कायम भांडत आलेय. लॅटिनमध्ये 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. पोस्ट म्हणजे नंतर, प्री म्हणजे आधी. 1913 साली एका वाचकाने न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून हा शब्द सुचवला होता, पण रुळवला तो आपण. आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. हे सगळं मी पालकांना घडाघडा सांगते. पुढचं सांगत नाही.

बाबांचं बायपासचं ऑपरेशन शुक्रवारी होतं. डॉक्टर म्हणाले, प्रीपोन करू, मंगळवारी घेऊ. दादा शिकागोत. दांडिया बाजारातल्या एसटीडी बूथवरून फोन लावला. मीटरचे लाल आकडे पळत होते, माझाच आवाज उलटा कानात येत होता. "दादा, ऑपरेशन प्रीपोन झालंय रे!" पलीकडून "बरं झालं" एवढं आलं आणि लाइन तुटली. परत लागलीच नाही. मला वाटलं, निघाला.

त्याने 'पोस्टपोन' ऐकलं होतं. तो घरी पोचला तेव्हा बाबांना जाऊन पाच दिवस झाले होते. त्याने एकदाच विचारलं, "नुसतं 'मंगळवारी आहे' का नाही म्हणालीस?"

लाइन खराब होती, हे खरंच आहे. डॉक्टरांच्या तोंडचा शब्द मी पुढे दिला, हेही खरं. पण सगळा अर्थ त्या पहिल्या अक्षरात होता आणि लाइनने नेमकं तेच खाल्लं. 'अलीकडे घेतलंय' म्हटलं असतं तर? त्यातलंही 'अ' गेलं असतं तर 'पलीकडे' ऐकू आलं नसतं कशावरून? रात्री जाग आली की मी अजून हाच वाद घालते.

तेव्हापासून वेळ बदलली की मी वारच सांगते, दोनदा. कंपासपेटीवाली मुलगी मात्र रोज विचारते, "बाई, चालेल का माझा शब्द?" तिच्या वहीत त्या शब्दाखाली मी अजून रेघ मारलेली नाही.