मुलांची लांबी-वजने मोजायला शिकताना : माझा अनुभव

पाच वर्षांखालील किती टक्के मुले खुजी, म्हणजे वयाच्या मानाने फार कमी उंचीची, आहेत, हा आकडा पोषणविषयक प्रत्येक अहवालात पहिल्या पानावर असतो. तो आकडा ज्या मोजमापातून निघतो, ते करणारी माणसे मात्र अहवालात कुठेच दिसत नाहीत. मुलांच्या वाढीच्या एका अभ्यासात मी मापनकर्ती म्हणून रुजू झाले तेव्हा, अभ्यासातल्या एकाही मुलाला हात लावण्याची परवानगी मिळण्याआधी मला संमतीचे प्रशिक्षण, बाहुलीवरचा सराव, प्रत्यक्ष मुलांवरचा सराव आणि अखेरीस प्रमाणीकरणाची चाचणी अशा पायऱ्या पार कराव्या लागल्या. पोषणशास्त्र शिकलेल्या अनेकांना आकड्यांचे विश्लेषण उत्तम येते, पण आकडा तयार कसा होतो हे त्यांनी पाहिलेले नसते; हा अनुभव लिहिण्याचे कारण मुख्यतः तेच.

संमतीचा भाग वेळेच्या मानाने छोटा होता. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे मांडणाऱ्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून चालत आलेली तत्त्वे आम्हाला समजावून सांगितली गेली आणि त्यांतले व्यवहारात सर्वाधिक उपयोगी पडणारे तत्त्व असे, की पालकांनी कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, ‘नको’ म्हटले तर मोजमाप तिथेच थांबते. अर्धवट राहिलेला अर्ज अर्धवटच जमा करायचा असतो, आणि अंदाजाने रकाना भरणे हा या कामातला सर्वांत गंभीर गुन्हा मानला जातो.

मोजमापाची पद्धत इतकी काटेकोर का, हे समजण्यासाठी ती ज्या मानकांशी ताडली जाते त्यांची घडण पाहावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेची वाढीची मानके २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यासाठी १९९७ ते २००३ या काळात पेलोतास (ब्राझील), आक्रा (घाना), दिल्ली, ऑस्लो (नॉर्वे), मस्कत (ओमान) आणि डेव्हिस (अमेरिका) या सहा ठिकाणी सुमारे ८,५०० मुलांची मोजमापे घेण्यात आली. ही मुले मुद्दाम अशा घरांतून निवडली होती, जिथे त्यांच्या वाढीला परिस्थितीची आडकाठी नव्हती आणि स्तनपानाच्या शिफारशी पाळण्याची तयारी होती. त्या मुलांना ज्या रीतीने मोजले, त्याच रीतीने आपण आपल्यासमोरच्या मुलाला मोजले, तरच तुलनेला अर्थ उरतो.

दोन वर्षांखालील मुलाची लांबी झोपवून मोजतात आणि त्यासाठी दोन माणसे लागतातच. टोपी आणि केसांतल्या पिना काढल्यावर मुलाला फळ्यावर उताणे ठेवायचे. साहाय्यक डोक्यामागे बसून दोन्ही तळव्यांत डोके धरतो, टाळू उभ्या फळीला टेकवतो आणि मुलाची नजर सरळ वर राहील असे पाहतो. नेमके सांगायचे तर कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड यांना जोडणारी रेषा फळ्याशी काटकोनात यायला हवी. मुख्य मापनकर्ता मुलाच्या बाजूला बसून डाव्या हाताने दोन्ही गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करतो आणि उजव्या हाताने सरकती फळी तळपायांना भिडवतो. पायाची बोटे वर हवीत आणि दोन्ही टाचा फळीला लागलेल्या हव्यात. हे सारे एकाच क्षणी जुळले पाहिजे आणि त्याच क्षणी ०.१ सेंटिमीटरपर्यंतचे वाचन झाले पाहिजे. बाहुली या सगळ्याला विनातक्रार तयार असते, त्यामुळे बाहुलीवरच्या सरावाने क्रम पाठ होतो, एवढाच त्याचा उपयोग. खरे मूल पाठ कमानीसारखी उचलते, एक पाय आखडून घेते, आणि फळी भिडताच तळपायाला झालेल्या स्पर्शाने बोटे वाकवते. नवजात बाळाचे पाय तर पूर्ण सरळ होतच नाहीत. तिथे शक्य तितक्या कमी दाबाने जेवढे जमेल तेवढेच करायचे असते.

दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची उंची उभ्याने घेतात. झोपून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सरासरी ०.७ सेंटिमीटरने जास्त भरते, म्हणून लहान मूल काही केल्या झोपेना आणि उभे राहून मोजावे लागले तर ०.७ मिळवतात, आणि मोठ्या मुलाला झोपवून मोजावे लागले तर तेवढेच वजा करतात. ही बेरीज-वजाबाकी आम्ही कागदावर करायची नसे. मूल कसे मोजले, एवढीच खूण करायची आणि दुरुस्ती नंतर संगणकावर व्हायची. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण दुरुस्ती दोनदा होण्याचा किंवा मुळीच न होण्याचा धोका त्यामुळे टळतो.

वजनाचे काम तुलनेने सरळ आहे. काटा रोज प्रमाणित वजनाने तपासायचा, मुलाचे कपडे उतरवायचे आणि मूल एकटे उभे राहत नसेल तर आधी आईचे वजन घेऊन काटा शून्यावर आणायचा व मग मूल तिच्या हातात द्यायचे. दंडघेराची पट्टी मात्र दिसते त्याहून अवघड. डावा हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांच्यामधला बिंदू शोधायचा, तिथे खूण करायची, मग हात सैल सोडून पट्टी गुंडाळायची. पट्टी त्वचेला सगळीकडून टेकली पाहिजे, पण त्वचा दबता कामा नये. सहा महिने ते पाच वर्षे या वयात ११५ मिलिमीटरपेक्षा कमी दंडघेर म्हणजे तीव्र कुपोषण आणि ११५ ते १२५ च्या दरम्यान मध्यम कुपोषण असा निकष असल्याने, पट्टी जराशी आवळली तरी मुलाचा गट बदलू शकतो. दोन्ही पावलांवर अंगठा काही सेकंद दाबून खळगा राहतो का, हेही पाहायचे असते. राहिला तर ती सूज वजनाचा आकडा फुगवत असते आणि वजन काहीही असले तरी मूल तीव्र कुपोषित धरले जाते.

यानंतरची प्रमाणीकरणाची चाचणी हा या प्रक्रियेचा गाभा. दहा मुले, प्रत्येक शिकाऊ मापनकर्ता प्रत्येक मुलाला दोनदा मोजणार आणि मुख्य तज्ज्ञही त्याच मुलांना दोनदा मोजणार. पहिल्या फेरीचे अर्ज दुसऱ्या फेरीआधी काढून घेतले जातात, म्हणजे स्वतःचाच आधीचा आकडा डोळ्यांसमोर राहत नाही. मग प्रत्येकाच्या दोन वाचनांतल्या फरकांचे वर्ग करून त्यांची बेरीज घ्यायची, तिला मुलांच्या संख्येच्या दुपटीने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. ही झाली मापनाची तांत्रिक त्रुटी. ती कमी असेल तर हात स्थिर आहे, एवढे कळते. हात बरोबर आहे की नाही, हे तज्ज्ञाच्या वाचनाशी तुलना केल्यावरच कळते. आमच्या गटात काही जणांची स्वतःची दोन वाचने एकमेकांशी छान जुळत होती, पण तज्ज्ञापेक्षा लांबी सातत्याने कमी येत होती. कारण गुडघे पुरेसे दाबले जात नव्हते आणि किंचित वाकलेल्या पायांची लांबी ते इमानेइतबारे पुन्हा पुन्हा टिपत होते. दुसऱ्या फेरीपर्यंत मुले कंटाळलेली असतात, हा या चाचणीचा अंगभूत दोष आहे, पण प्रत्यक्ष कामातही कंटाळलेलीच मुले भेटतात.

इतक्या बारकाव्याची गरज काय, चुका दोन्ही बाजूंनी होतात आणि हजारो मुलांत त्या एकमेकींना खाऊन टाकतात, असा युक्तिवाद मी चांगल्या जाणकारांकडून ऐकला आहे. सरासरीपुरता तो खरा आहे, टक्केवारीपुरता नाही. खुजेपणाची रेषा मानकांतल्या मध्यकाखाली, म्हणजे त्या वयाच्या मुलांच्या बरोबर मधल्या उंचीखाली, दोन प्रमाण विचलनांवर आहे; प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप. याच एककात एखाद्या गटाची सरासरी उणे १ (मध्यकाखाली एक प्रमाण विचलन) आणि विस्तार, म्हणजे गटाचे स्वतःचे प्रमाण विचलन, १ असेल, तर सुमारे १६ टक्के मुले त्या रेषेखाली येतात. मोजमापातल्या ढिलाईने विस्तार १.२ झाला, तर सरासरी तीच राहूनही हा आकडा २० टक्क्यांवर जातो, आणि उणे ३ च्या खालची, म्हणजे अतितीव्र खुजी ठरणारी मुले २.३ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर, दुपटीहून अधिक होतात. या वाढीसाठी एकही मूल प्रत्यक्षात खुजे झालेले नसते.

वयाची चूक याहून महाग पडते. सहा महिन्यांच्या मुलग्याची मध्यक लांबी ६७.६ सेंटिमीटर आणि खुजेपणाची रेषा ६३.३ वर, सात महिन्यांना मध्यक ६९.२ होते. म्हणजे वय एका महिन्याने चुकले तर दीड सेंटिमीटरहून अधिक फरक पडतो, जो लांबी मोजताना कोणी केला असता तर त्याला परत सरावाला पाठवले असते. म्हणून जन्मतारीख कागदपत्रावरूनच घ्यायची, आणि कागद नसेल तर जन्माच्या आसपासच्या ठळक घटनांची यादी समोर ठेवून पालकांशी बोलत महिना निश्चित करायचा, असा दंडक होता. या बोलण्याला लांबी मोजण्यापेक्षा जास्त वेळ लागे आणि तो देणे योग्यच होते.

चाचणी उत्तीर्ण झाल्यावर मला लांबीसाठी मुख्य मापनकर्तीचे काम मिळाले. प्रत्येक मुलाला दोघे स्वतंत्रपणे मोजत, आपापल्या अर्जावर लिहीत, आणि मगच आकडे एकमेकांना दाखवत. लांबीत ७ मिलिमीटरपेक्षा, वजनात १०० ग्रॅमपेक्षा किंवा दंडघेरात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोघांनीही ते माप पुन्हा घ्यायचे. कोणाचे बरोबर यावर चर्चा करायला मनाई होती. ११५ पेक्षा कमी दंडघेर किंवा पावलांवर सूज आढळली तर उपचारासाठी पाठवण्याची चिठ्ठी त्याच भेटीत पालकांच्या हाती दिली जाई. अभ्यासाचे निष्कर्ष निघेपर्यंत थांबण्याचा प्रश्नच नव्हता.

जमा झालेल्या आकड्यांवरही पहारा असे. शेवटचा अंक ० किंवा ५ असलेली वाचने एकूण वाचनांच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी असायला हवीत. ती वाढू लागली की मापनकर्ता डोळ्यांनी वाचण्याऐवजी आकडा मनानेच जवळच्या ० किंवा ५ वर नेतो आहे, हे पर्यवेक्षकांना कागदावरूनच कळते. थकवा आणि सवय यांमुळे हात नकळत घसरत जातात, त्यामुळे प्रमाणीकरणाची चाचणी अभ्यास सुरू असतानाही ठरावीक अंतराने पुन्हा घेतली जाते, आणि तीत मर्यादेबाहेर गेलेल्याला, तो कितीही जुना असला तरी, काम थांबवून सरावाला बसावे लागते.