रवीची वही : दुसरा महिना

या महिन्यात घरच्या आणि शेजारपाजारच्या मिळून 19 जन्मपत्रिका घेऊन बसले आणि प्रत्येकीत फक्त रवी पाहिला. फलित, म्हणजे भविष्य सांगणं, नंतर. आधी तो जन्मवेळेशी जुळतो का, एवढंच.

आपल्या चौकोनी पत्रिकेत बारा स्थानं, म्हणजे घरं, लग्नापासून (जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीच्या घरापासून) डावीकडे मोजत जायची. दिवसभरात रवी मात्र उलटा, घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. मध्यरात्रीच्या जन्माला डावीकडे चतुर्थात, सूर्योदयाला वर लग्नात, दुपारी साडेबाराच्या सुमारास उजवीकडे दशमात, सूर्यास्ताला खाली सप्तमात. एका स्थानात साधारण दोन तास. अंश राशीच्या कडेला असतील तर एखादं स्थान मागेपुढे होतं.

याचा उपयोग आत्याच्या पत्रिकेत झाला. जन्म कोल्हापूरचा, 28 जानेवारीचा. कागद घडीवर विरलेला. वेळ ‘5-47’ दिसते, पुढचं अक्षर गेलंय. मी सॉफ्टवेअरमध्ये सकाळ धरली, तर धनु लग्न आलं आणि मकरेचा रवी द्वितीयात. हाती काढलेल्या कुंडलीत मात्र कर्क लग्न आणि ‘र’ खाली सप्तमात. म्हणजे जन्म मावळतीचा! वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘इष्ट घटी 26 पळे 45’ होतं, म्हणजे सूर्योदयापासून जन्मापर्यंतचा वेळ. एक घटी 60 पळांची, म्हणजे 24 मिनिटांची, म्हणून 10 तास 42 मिनिटं. त्या दिवशी कोल्हापूरला सूर्योदय सातच्या थोडा नंतर. त्यात हे मिळवलं की संध्याकाळचे पावणेसहा. आत्याला फोन केला तर म्हणाली, “अगं, आई सांगायची की, दिवेलागणीच्या आधी झालीस.” ज्यांनी कुणी ती पत्रिका मांडली, त्यांना मनोमन नमस्कार केला.

दशमातला रवी दिग्बली, म्हणजे त्या दिशेमुळे बलवान, हे पाठ होतं. आता ते दिसायला लागलंय: दशमातला रवी म्हणजे डोक्यावरचं ऊन. अधिकार, नाव, सरकारदरबार हे सगळं त्या स्थानाशी का जोडलं असेल, ते वेगळं समजावून घ्यावं लागत नाही. मेषेत उच्च (सर्वांत बलवान) तेही तसंच. रवी मेषेत असतो तो 14 एप्रिलपासून महिनाभर, आपल्याकडच्या ऐन उन्हाळ्यात.

तुळेतला रवी मला जास्त विचार करायला लावतो. दिवाळीच्या आसपासचे बरेच जन्म यात येतात. माझ्याकडे तीन आहेत. तुळेत रवी नीच, म्हणजे दुबळा, आणि रवी पितृकारक, म्हणजे वडिलांचा निदर्शक, म्हणून ‘नीच रवी, वडिलांचं सुख नाही’ असं पटकन बोललं जातं. मला हे बोलणं मान्य नाही. परमनीच अंश, म्हणजे जिथे तो सगळ्यांत दुबळा, तो 10. तिघांपैकी एकाचा रवी 2 अंशांवर, एकाचा 27 वर. दोघांचाही शुक्र केंद्रात (1, 4, 7, 10 यांपैकी एका स्थानात), म्हणजे तुळेचा स्वामीच नीचभंग करतोय, तो दुबळेपणा घालवतोय. तिसरीचा रवी 11 अंशांवर, भंग नाही. आणि तीच गेली चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं सगळं करतेय. सुख कुणाला आणि कसलं, हे तिच्यासमोर बसून बोलायला मला अजून जमणार नाही. वहीत तिच्या पानावर फलिताची जागा कोरी ठेवलीय.

पुढच्या महिन्यात रवी महादशा, म्हणजे आयुष्यातला रवीच्या अंमलाचा काळ. सहाच वर्षांची, पण कृत्तिका, उत्तरा आणि उत्तराषाढा नक्षत्रांवर जन्मलेल्यांना ती जन्मतःच लागते, म्हणजे बालपणातच संपते. अशा पाच पत्रिका बाजूला काढल्यात. त्यांची शाळेआधीची वर्षं कशी गेली, ते घरच्या मोठ्यांना विचारणार आहे.